शिक्का खरा म्हणजे नेमके काय खरे?

जुन्या प्रदर्शनांच्या टपाल शिक्क्यांचा विषय निघाला की संग्राहकांमधला वाद ठरलेल्या दोन वाटांनीच जातो. एक पक्ष म्हणतो, तज्ज्ञ समितीचे प्रमाणपत्र सोबत आहे, तेव्हा पाकीट अस्सल. त्यावर आणखी बोलायचे कारण नाही. दुसरा पक्ष म्हणतो, त्या कागदाचे काय एवढे, आम्ही उभी हयात पाकिटे हाताळण्यात घालवली, आमच्या नजरेला दिसते ते कोणत्याही समितीच्या मतापेक्षा भरवशाचे. वाद तावातावाने चालतो, कधी व्यक्तिगत पातळीवर उतरतो, आणि संपतो तेव्हा समोरच्या शिक्क्याविषयी कोणालाही काही नवे कळलेले नसते. असे होते, कारण दोन्ही पक्ष फक्त निकाल सांगतात; तो कशाच्या आधारावर दिला ते दोघांपैकी कोणीच सांगत नाही. शिक्क्याच्या अस्सलपणाविषयीचा कोणताही निर्णय, मग तो समितीचा असो की एखाद्या जाणत्या संग्राहकाचा, कारणांसह आणि तुलनेसाठी वापरलेल्या ठशांच्या छायाचित्रांसह उघडपणे मांडला गेला पाहिजे, आणि खोट्या शिक्क्यांच्या खुणाही लपवून न ठेवता प्रसिद्ध झाल्या पाहिजेत, असे माझे मत आहे. कारण न सांगता दिलेला निकाल बरोबर असला तरी तो ज्ञानात भर घालत नाही, आणि चुकीचा असला तर तो दुरुस्त करण्याची वाटच उरत नाही.

उदाहरणासाठी लांब जायला नको. १९१०-११ च्या हिवाळ्यात अलाहाबादला संयुक्त प्रांतांचे मोठे प्रदर्शन भरले होते. १८ फेब्रुवारी १९११ रोजी तिथून आंरी पेके हा तरुण फ्रेंच वैमानिक टपालाची थैली घेऊन उडाला आणि यमुना ओलांडून नैनीला उतरला. अंतर सुमारे १० किलोमीटर, पत्रे सुमारे साडेसहा हजार. टपाल खात्याच्या संमतीने विमानातून टपाल नेण्याची जगातली पहिली वेळ म्हणून हे उड्डाण ओळखले जाते. ते घडवून आणण्यात कॅप्टन वॉल्टर विंडहॅम यांचा पुढाकार होता, आणि पत्रामागे घेतलेले सहा आण्यांचे जादा शुल्क अलाहाबादच्या ऑक्सफर्ड अँड केंब्रिज होस्टेलच्या मदतीसाठी होते. त्या पत्रांसाठी खास शिक्का कोरला गेला: डोंगरांवरून जाणारे विमान, भोवती ‘फर्स्ट एरियल पोस्ट’ हे शब्द आणि प्रदर्शनाचे नाव, आणि शाई मॅजेंटा रंगाची. आपल्या देशातल्या प्रदर्शनांच्या शिक्क्यांमध्ये याच्याइतका प्रसिद्ध शिक्का दुसरा नाही. मागणी मोठी, अस्सल पाकिटे काही हजारच, आणि आकृती तर इतकी परिचित की उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, १९६१ मध्ये, निघालेल्या तिकिटांवरही ती छापली गेली. खोटेपणाला याहून पोषक जमीन कोणती?

असे एखादे पाकीट समोर आल्यावर ‘हे अस्सल आहे का’ असे आपण विचारतो आणि एका शब्दात उत्तराची अपेक्षा करतो. पण हा प्रश्न एक नाही. शिक्का मूळ ठशाचाच आहे का? तो त्याच वेळी, टपाल खात्याच्या अधिकारात मारला गेला का? ज्या तिकिटावर तो उमटला आहे ते तिकीट त्या पाकिटावर पहिल्यापासूनच होते का? आणि विकणारा जे सांगतो, म्हणजे हे पत्र खरोखर पेकेच्या विमानातून गेले, ते खरे का? या प्रश्नांची उत्तरे परस्परांहून वेगळी निघू शकतात, आणि प्रत्येकाचा पुरावाही वेगळा असतो. तिकिटाचेच पाहा. ब्रिटिश बादशहा सातवे एडवर्ड मे १९१० मध्ये वारले होते, तरी पाचव्या जॉर्जच्या चेहऱ्याची भारतीय तिकिटे विक्रीला यायला १९११ चा डिसेंबर उजाडला. तेव्हा या उड्डाणाच्या पाकिटावर जॉर्जचे तिकीट असेल, तर शिक्का कितीही सुबक असला तरी पाकीट बाद. दराचेही तसेच. त्या वेळी पोस्टकार्डाला पाव आणा, देशातल्या साध्या पत्राला अर्धा आणा आणि इंग्लंडच्या पत्राला एक आणा पडत असे. तिकिटांची बेरीज पत्त्याशी जुळली नाही तर त्याचे काहीतरी कारण सापडले पाहिजे. नैनीला उतरल्यावर ही पत्रे नेहमीच्या टपालानेच पुढे गेली, म्हणून देशातल्या पत्त्यावर गेलेल्या पत्राच्या पाठीवर पोचल्याचा शिक्का असेल तर त्याची तारीख रेल्वेने लागणाऱ्या वेळाशी जुळायला हवी. यातले एकही कारण गूढ नाही. ते लिहून दिले तर शाळकरी मुलगाही पडताळून पाहू शकतो. मग ते लिहून का देऊ नये?

कथेचा प्रश्न तर बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. शिकागोचे कोलंबियन प्रदर्शन १ मे ते ३० ऑक्टोबर १८९३ या काळात जॅक्सन पार्कमध्ये भरले होते आणि प्रदर्शनाच्या आवारातल्या टपाल कार्यालयाचा स्वतःचा शिक्का होता. समजा, त्या शिक्क्याचे, ११ सप्टेंबर १८९३ या तारखेचे एक पाकीट कोणी आपल्यासमोर ठेवले आणि सांगितले, की स्वामी विवेकानंद सर्वधर्म परिषदेत बोलले त्या दिवसाचा, त्या जागेचा हा साक्षीदार आहे. आपल्याकडच्या कोणत्याही संग्राहकाचे मन हलेल, माझेही हलेल. पण ती परिषद प्रदर्शनाच्या आवारात भरलीच नव्हती. ती भरली शहराच्या मध्यभागी, आज जिथे आर्ट इन्स्टिट्यूट आहे त्या इमारतीत. जॅक्सन पार्क तिथून दक्षिणेला कित्येक किलोमीटर दूर. म्हणजे शिक्का अस्सल, तारीख अस्सल, तिकीट अस्सल, आणि ज्या गोष्टीसाठी आपण जास्तीचे पैसे मोजणार ती गोष्ट तेवढी खोटी. अशा पाकिटाला ‘अस्सल’ या एका शब्दाचे प्रमाणपत्र मिळाले, तर तो शब्द शिक्क्याविषयी बोलत असतो आणि विकणारा तो कथेवर चिकटवतो. समितीने आपण नेमके काय तपासले आणि काय तपासले नाही एवढे जरी लिहिले, तरी ही पळवाट बंद होते.

‘प्रदर्शनाचा शिक्का’ हे शब्दही आपण सैल वापरतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९१५ च्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनाची जाहिरात करणारे यंत्राचे शिक्के अमेरिकेतल्या अनेक शहरांत, प्रदर्शन उघडण्याच्या कितीतरी आधीपासून, मारले जात होते. लंडनजवळ वेम्ब्लीला १९२४-२५ मध्ये भरलेल्या साम्राज्य प्रदर्शनाचेही तसेच. त्याची घोषणा छापणारे शिक्के ब्रिटनभर चालले. हे सगळे शिक्के खरेच आहेत, आणि संग्रहात त्यांना मानाची जागा आहे. पण प्रदर्शनाच्या आवारात टाकलेल्या पत्राचा शिक्का आणि शेकडो मैलांवरच्या गावात यंत्राने उमटवलेली जाहिरात या दोन गोष्टी एकच मानल्या, तर दुर्मिळतेचा हिशेबच चुकतो. इथेही एका शब्दाच्या निकालाने काही साधत नाही.

माझ्या स्वतःच्या अनुभवाने हे मत पक्के झाले. काही वर्षांपूर्वी मी १९११ च्या उड्डाणाचे एक कार्ड विकत घेतले. एडवर्डचे तीन पैचे करडे तिकीट, त्यावर मॅजेंटा शिक्का, सोबत ‘आमच्या मते अस्सल’ एवढेच सांगणारे प्रमाणपत्र. वर्षभर ते कार्ड मी अभिमानाने दाखवत होतो. एके दिवशी भिंगाखाली पाहताना कार्डाच्या कोपऱ्याजवळची एक जुनी घडी माझ्या लक्षात आली. शिक्क्याची कड त्या घडीवरून जात होती. कागद दुमडला की त्याचा वरचा गुळगुळीत थर फुटतो आणि आतले धागे उघडे पडतात. शिक्का आधी मारलेला असेल आणि घडी नंतर पडली असेल, तर त्या रेषेवर शाई तुटते आणि पांढरे धागे दिसतात. माझ्या कार्डावर नेमके उलटे होते: शाई घडीच्या भेगेत उतरून तिथे अधिक गडद झाली होती. म्हणजे कार्ड वापरून, दुमडून, झिजून जुने झाल्यावर केव्हातरी तो शिक्का त्याच्यावर उमटवला गेला होता. मी प्रमाणपत्र पुन्हा वाचले. ज्यांनी ते दिले त्यांनी ती घडी पाहिली होती का? पाहून तिच्याकडे दुर्लक्ष केले, की तिचे दुसरे काही स्पष्टीकरण त्यांच्याकडे होते? त्या एका ओळीत यातल्या कशाचेच उत्तर नव्हते. निकाल चुकला याचा मला तेवढा राग आला नाही. चूक कोणाच्याही हातून होते. तो कुठे चुकला हे शोधण्याची सोयच त्यात ठेवलेली नव्हती, हे मात्र मला आजही सलते.

उघडपणाविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की खोटेपणाच्या खुणा छापल्या म्हणजे खोटे करणाऱ्याला धडेच दिले. घडीतल्या शाईविषयी मी वर लिहिले, ते वाचून एखादा माणूस यापुढे न दुमडलेले जुने कार्ड निवडेल. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. आजच्या छपाईच्या साधनांमुळे कोणत्याही छायाचित्रावरून रबरी शिक्का करून घेणे पूर्वीपेक्षा फार सोपे झाले आहे, आणि तुलनेसाठी दिलेले स्वच्छ छायाचित्रच नमुना म्हणून वापरले जाण्याची भीती खरी आहे. तरीही प्रश्न असा विचारायला हवा, की गुप्ततेने आजवर कोणाचे रक्षण केले?

इतिहास याचे उत्तर देतो. जिनिव्हाचा फ्रान्स्वा फूर्निए नकली तिकिटे आणि नकली शिक्के उघडपणे ‘प्रतिकृती’ म्हणून विकत असे. तो १९१७ मध्ये वारला. त्याचा साठा पुढे जिनिव्हाच्या तिकीटसंग्राहक संघटनेने विकत घेतला. तो मुकाट्याने जाळून टाकणे त्यांना सहज शक्य होते; पण त्यांनी आधी त्या नकलांचे नमुने चिकटवलेले संग्रह तयार करून जगभरच्या संग्राहकांना दिले आणि मगच उरलेला माल नष्ट केला. फूर्निएची नक्कल आज ओळखता येते ती त्या संग्रहांमुळे. शिक्क्यांच्या बाबतीत तर याहून बोलके उदाहरण लंडनचे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे मादाम जोसेफ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विक्रेतीकडे ब्रिटिश वसाहतींच्या टपाल कार्यालयांचे चारशेहून अधिक नकली शिक्के होते. वापरलेले तिकीट कोऱ्यापेक्षा महाग असेल तिथे ते शिक्के कामी येत. कित्येक दशके हे खोटे शिक्के जगभरच्या संग्रहांत अस्सल म्हणून नांदले. ते ओळखता येऊ लागले ते शिक्के लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीच्या हाती आल्यावर आणि १९९० च्या दशकात त्यांचे ठसे एकेक करून छापले गेल्यावर. आपल्या अल्बममधले तिकीट त्या छापील ठशावर ताडून पाहणे त्यानंतर प्रत्येकाच्या हातात आले. जोवर ही माहिती मोजक्या जाणकारांच्या कुजबुजीत होती तोवर तिचा फायदा विकणाऱ्यालाच होत होता. घेणारा अंधारातच होता. खोटे करणाऱ्याला आपल्या कारागिरीतल्या उणिवा बहुधा माहीत असतातच. त्या माहीत नसतात त्या फक्त फसणाऱ्याला.

निव्वळ तज्ज्ञांच्या शब्दावर विसंबण्याचे काय होते, हे झां द स्पेराती याच्या प्रकरणातून दिसते. हा माणूस स्वस्तातले अस्सल तिकीट घेऊन त्यावरचे चित्र रसायनांनी उडवी, कागद आणि शिक्का मात्र तसाच राखी, आणि त्या मोकळ्या जागेत महागड्या तिकिटाचे चित्र छापी. शिक्का खरा, कागद खरा, तिकीट खोटे! १९४२ मध्ये त्याने परदेशी पाठवलेली तिकिटे फ्रेंच सीमाशुल्क खात्याने अडवली, तेव्हा तपासणाऱ्या तज्ज्ञांनी ती अस्सल आणि मौल्यवान ठरवली. ती आपणच बनवली आहेत हे शेवटी स्पेरातीलाच सांगावे लागले. १९५० च्या दशकात ब्रिटिश फिलाटेलिक असोसिएशनने त्याचे सगळे साहित्य विकत घेतले आणि त्याच्या कामाची सविस्तर माहिती छापली. तिथेही तोच क्रम: गुप्ततेत फसवणूक वाढली, प्रकाशनाने ती आटोक्यात आली.

दुसरा आक्षेप नजरेचा. अनुभवी संग्राहक म्हणतात की शाईचा जुनेपणा, दाबाचा अंदाज, कागदाचा स्पर्श या गोष्टी शब्दांत मांडता येत नाहीत; मुरलेल्या सराफाला हातात घेताच सोने कळते तसे हे आहे. यात तथ्य आहे, आणि ज्यांच्याकडे अशी नजर आहे त्यांच्याविषयी मला आदर आहे. मी जे थोडेफार शिकलो ते त्यांच्याच शेजारी बसून. पण सराफसुद्धा गिऱ्हाइकासमोर सोने कसोटीवर घासतो. नजरेने संशय निर्माण करावा. तो संशय इतरांना पटवायचा असेल तर कस दाखवावाच लागतो. आपल्या महाराष्ट्रात जुन्या कागदांच्या बाबतीत ही शिस्त शंभर वर्षांपूर्वीच रुजली. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब असले म्हणून ते पत्र कोणी खरे मानले नाही. मुद्रा योग्य जागी आहे का, मायना काळाला धरून आहे का, तिथी आणि शक जुळतात का, हे पाहिले गेले, आणि मुख्य म्हणजे ते छापून वाचकांपुढे ठेवले गेले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते अशा कागदांच्या शोधासाठी आणि प्रकाशनासाठी. लोकमान्य टिळकांना जेधे शकावली, म्हणजे शिवकाळातल्या घटनांची तिथीवार नोंद, मिळाली तेव्हा त्यांनी ‘माझ्याकडे पुरावा आहे, माझ्यावर विश्वास ठेवा’ असे म्हटले नाही. १९१६ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यानंतर शिवजन्माच्या तिथीवर अभ्यासक अनेक वर्षे भांडले, पण ते सगळे एकाच छापील मजकुरावर बोट ठेवून भांडले. ज्या समाजाने एवढ्या मोठ्या प्रश्नावर कारणे उघडी मांडली, त्याच समाजातल्या संग्राहकांनी एका पोस्टकार्डावरच्या शिक्क्यासाठी ‘मला कळते’ एवढ्यावर का थांबावे?

राहिला खर्चाचा आणि जोखमीचा प्रश्न. तपासणी करणारी माणसे बहुधा हौसेने आणि वेळात वेळ काढून हे काम करतात. प्रत्येक पाकिटासाठी पानभर कारणे लिहायची तर काम ठप्प होईल, आणि लिहिलेले प्रत्येक वाक्य उद्या वकिलाच्या हाती पडेल. ही अडचण मला मान्य आहे. म्हणून माझी मागणी पानभर निबंधाची नाही. पाच-सहा ओळी पुरतात: शिक्का कोणत्या निर्विवाद नमुन्यांशी ताडला, तिकीट आणि दर काळाशी जुळतात का, शिक्का तिकिटावरून पाकिटावर सलग उतरला आहे का, शाई भिंगाखाली आणि अतिनील प्रकाशात कशी दिसली, आणि कोणती गोष्ट ठरवता आली नाही. शेवटची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जोखमीविषयी बोलायचे, तर ‘अमुक कारणांनी आमचे मत असे आहे’ हे विधान ‘हे अस्सल आहे’ या विधानापेक्षा बचावाला सोपे आहे, कारण ते आपली मर्यादा स्वतःच सांगते. १८९४ पासून लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती काम करते आहे. अशा समित्यांनी बाजारातला किती खोटा माल रोखला याचे मोल मी जाणतो. त्यांचे अधिकार कमी व्हावेत असे माझे म्हणणे नाही. त्यांच्या कपाटांत वर्षानुवर्षे साठलेली तुलनेची सामग्री त्यांच्या निकालांबरोबर बाहेर यावी, एवढेच आहे.

नवख्या संग्राहकाला एवढे तपशील नको असतात, त्याला ‘घेऊ की नको’ हेच हवे असते, असेही कोणी म्हणतात. मला हा त्याचा अपमान वाटतो. अमेरिकेतल्या बफेलोच्या १९०१ च्या प्रदर्शनाचे पाकीट हातात धरणारा मुलगा ६ सप्टेंबर या तारखेपाशी थबकतो, कारण त्या दिवशी दुपारी त्याच आवारात राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या तारखेला मागणी जास्त असणार, म्हणूनच त्या तारखेचा आकडा भिंगाखाली अधिक बारकाईने पाहायला हवा, हे त्याला सांगितले तर तो कंटाळत नाही. तो भिंग मागतो.

ते घडीचे कार्ड मी परत केले नाही. अल्बममध्ये त्याच्या शेजारी एक कागद लावला आणि त्यावर ते खोटे मानण्याची तीन कारणे लिहिली: घडीत उतरलेली शाई, विमानाच्या पंखाच्या टोकापासून कडेच्या वर्तुळापर्यंतचे अंतर, जे मला मिळालेल्या सहा अस्सल ठशांच्या छायाचित्रांपैकी एकाशीही जुळत नव्हते, आणि शाईची छटा, जी मला वाजवीपेक्षा लालसर वाटली होती. हा कागद आणि कार्डाची छायाचित्रे मी ओळखीच्या सगळ्या संग्राहकांना पाठवली. महिन्याभरात एका ज्येष्ठ संग्राहकांचे पत्र आले. त्यांनी स्वतःकडच्या दोन निर्विवाद पाकिटांची छायाचित्रे जोडून दाखवले होते, की मॅजेंटा शाई उजेडात राहिली की वेगवेगळ्या प्रकारे विटते आणि एकाच दिवशी मारलेल्या शिक्क्यांच्या छटा शंभर वर्षांनंतर एकसारख्या राहत नाहीत. त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी तिसरे कारण खोडले, बाजूला खोडल्याची तारीख आणि त्यांचा आक्षेप लिहिला, आणि पहिली दोन कारणे तशीच ठेवली.